की क्लबच्या परिषदेसाठी निधी: मुलांनी जमवायचा की आईबापांनी चेक द्यायचा?

अंगणातली_तुळस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारायचं आहे म्हणून धागा काढतेय.

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक दहावीत आहे आणि तिच्या हायस्कूलच्या की क्लबची यंदा खजिनदार झाली आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: की क्लब म्हणजे किवानिस या सेवाभावी संघटनेची हायस्कूलमधली शाखा. १९२५ साली कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला सुरू झाला, आणि कारभार मुलंच बघतात. दर वसंतात राज्यभरातल्या क्लबांची तीन दिवसांची परिषद भरते, मुलं तिला डीकॉन म्हणतात. निवडणुका होतात, कार्यशाळा होतात आणि क्लब आपापला जमवलेला निधी घेऊन येतात. लेकीच्या क्लबने यंदा बायकांच्या आणि नवजात बाळांच्या टेटनसच्या लसीसाठी पैसे द्यायचं ठरवलंय. किवानिस आणि युनिसेफने २०१० मध्ये ही मोहीम एकत्र सुरू केली, तेव्हापासून की क्लबची मुलं तिच्यासाठी पैसे जमवत आली आहेत.

आता अडचण. गेल्या आठवड्यात पालकांची बैठक झाली. परिषद सहा आठवड्यांवर आली आणि डब्यात ४० डॉलरसुद्धा नाहीत. एका पालकांनी सुचवलं की प्रत्येक घराने पन्नास डॉलरचा चेक द्यावा, मुलांचा वेळ वाचेल, परीक्षा जवळ आल्यात. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू.

घरी येताना गाडीत लेक गप्प. मग म्हणाली, "आई, तिथे टेबलापाशी उभं राहून मी काय सांगायचं? आमच्या बाबांनी दिले?"

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. चेक दिला तर पैसे जास्त होतील हे उघड आहे. मुलांनी जमवायचे म्हटलं तर कसे? तुमच्यापैकी कुणी केलं असेल तर सांगा.

हिशेबाची_वही

थोडं परखड लिहितो, राग मानू नका. परिषदेला जायचा खर्च किती आहे? हॉटेल, बस, जेवण, नोंदणी धरून माणशी तीनशे डॉलरच्या खाली नसणार. मोहीम सुरू झाली तेव्हा एका बाईला तीन डोस द्यायचा खर्च १ डॉलर ८० सेंट धरला होता, त्यात लस, सुई, साठवण, वाहतूक सगळं आलं. म्हणजे एका मुलाच्या परिषदेच्या पैशांत १६६ बायका होतात. दहा मुलं गेली की दीड हजारांच्या वर. मुलांनी घरी बसावं आणि ते पैसे पाठवावेत. ज्या बाळासाठी हे सगळं चाललंय त्याला कार्यशाळेचा काय उपयोग?

अंगणातली_तुळस

राग नाही. नवऱ्यानेही हाच हिशेब मांडला. शिवाय त्याचं म्हणणं की द्यायचेच तर आपल्या गावच्या शाळेला देऊ, युनिसेफला कशाला. यावर मला नीट उत्तर देता आलं नाही.

उंबरठा

हिशेबाची_वही, आकडा बरोबर आहे पण दोन वेगळे पैसे तुम्ही एकात मिसळलेत. परिषदेचा खर्च आईबाप करतात, जसा ते फुटबॉलच्या बुटांचा आणि पियानोच्या क्लासचा करतात. परिषद रद्द झाली तर ते तीनशे डॉलर लसीला जाणार नाहीत, घरातच राहतील. लोकांकडून गोळा केलेला पैसा मात्र क्लबच्या कारभाराला लावायचा नाही, तो सेवेलाच गेला पाहिजे, हा किवानिसचा जुना दंडक आहे. त्यासाठी ते हिशेबाची खातीच दोन ठेवतात. तुळसताई, लेकीने आधी हे पक्कं करावं. ती खजिनदार आहे ना? लोकांचे पैसे एका डब्यात, परिषदेचे दुसऱ्या लिफाफ्यात, आणि दोन्हींचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही.

सिस्टरबाई

मी इथे क्वचित लिहिते, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. एएनएम, म्हणजे खेड्यापाड्यांतली सरकारी नर्स, म्हणून ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली पहिली बारा नंदुरबारच्या डोंगराकडच्या उपकेंद्रांत, तेव्हा तो धुळे जिल्हाच होता.

ताई, तुम्ही टेटनस लिहिलंय. त्याला आपल्याकडे धनुर्वात म्हणतात आणि हा शब्द ज्याने ठेवला त्याने तो आजार बघितला असणार. अंग धनुष्यासारखं मागे वाकतं. मोठ्या माणसाचं वाकतं तसं आठ दिवसांच्या बाळाचंही वाकतं. मी बघितलंय. बाळ चांगलं जन्मतं, रडतं, दूध ओढतं. पाच-सहा दिवस काही नसतं. मग एका सकाळी आई म्हणते, "बाई, हा तोंडच उघडत नाही." जबडा बसलेला असतो. नुसतं दार वाजलं, कुणी हात लावला, उजेड आला, तरी अंग ताठ होतं. बाळ शुद्धीवर असतं. आईला ते कळत असतं. तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचायला अर्धा दिवस लागायचा.

घरचे म्हणायचे सटवाईने नेलं. त्यात त्यांचा दोष काय? पाचवी पुजली, दोन दिवसांनी बाळ गेलं, दुसरं काय समजणार. खरं कारण नाळेत असायचं. विळ्याने नाहीतर जुन्या ब्लेडने नाळ कापलेली, वर राख किंवा शेण लावलेलं. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, जनावरांच्या शेणात असतो. तो नाळेतून आत शिरतो.

आणि उपाय एवढासा. आईला इंजेक्शन दिलं की तिच्या रक्तातून बाळाला संरक्षण मिळतं, बाळ पोटात असतानाच. आम्ही टीटी म्हणायचो, आता टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते. गरोदरपणी दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने. जिथे बायका गरोदरपणी भेटतच नाहीत तिथे मोहीम काढून सगळ्याच तरुण बायकांना तीन डोस देतात, तिसरा सहा महिन्यांनी. तुमच्या लेकीचे १ डॉलर ८० सेंट म्हणजे ते तीन.

हिशेबाची_वही यांना एक सांगायचं आहे. लस स्वस्त आहे, ती पोचवणं कठीण आहे. ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उन्हाने बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती गोठली तर आधी वाया जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. व्हॅक्सिन कॅरियर म्हणजे लस न्यायचा डबा, त्यात चार आईसपॅक असतात. ते डीप फ्रीझरमधून काढले आणि तसेच भरले की कुपी त्यांना चिकटून गोठते. नंतर वितळल्यावर वरून काही कळत नाही. म्हणून पॅक बाहेर काढून ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, कानाजवळ हलवून बघायचं. आत पाणी वाजलं की मगच भरायचे. माझ्याबरोबरची एक नवी मुलगी घाईत तसेच भरून निघाली होती. पाड्यावर पोचल्यावर शंका आली म्हणून आम्ही कुपी हलवून ठेवून बघितली, तळाशी कण बसले. अख्खा डबा परत आणला. बायका रोजगार बुडवून जमल्या होत्या. त्यांना परत जा म्हणून सांगताना जे वाटलं ते अजून वाटतं. पुढच्या वेळी त्यातल्या निम्म्याही आल्या नाहीत.

तर पैसा जातो तो इथे. फ्रीजला, पॅकला, चालणाऱ्या बाईला. आमच्या केंद्रातला आयएलआर, म्हणजे लसीचा खास फ्रीज, युनिसेफने दिलेला होता, जीपवरही त्यांचं चिन्ह होतं. १९८५ नंतर लसीकरणाचं काम वाढलं तेव्हा अशी सामग्री खूप आली. ती कुणाच्या पैशांची होती हे तेव्हा मनात आलं नाही. आज तुमचा धागा वाचून आलं.

अंगणातली_तुळस

सिस्टरबाई, लेकीला शेजारी बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. तिला मराठी समजतं पण वाचायला वेळ लागतो. तिने दोन ठिकाणी थांबवलं. आधी 'बाळ शुद्धीवर असतं' इथे, मग परत पाठवलेल्या बायकांपाशी. विचारते, हे सगळं इंग्रजीत करून परिषदेत वाचलं तर चालेल का?

सिस्टरबाई

चालेल की. माझं नाव नको, उपकेंद्राचं नको. बाकी सगळं तिचं.

पिंपरीकर

तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाबद्दल. माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते, मी एचए कॉलनीत वाढलो. तो कारखाना १९५४ सालचा, डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला. देशात पेनिसिलिन सरकारी कारखान्यात बनायला लागलं ते तिथे. युनिसेफ भारतात आली १९४९ ला. तेव्हा तिच्या नावात 'इमर्जन्सी' शब्द होता, महायुद्धानंतरच्या मुलांसाठी १९४६ मध्ये काढलेला तो तात्पुरता निधी होता, कायमचा झाला १९५३ मध्ये. म्हणजे दुसऱ्या देशांतल्या लोकांनी 'आपल्या गावाला देऊ' एवढंच म्हटलं असतं तर माझ्या वडिलांचा पगार कुठून आला असता माहीत नाही.

गावच्या शाळेला जरूर द्या. मी दरवर्षी देतो. पण भारतातून मातांचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. ५९ देशांच्या यादीत आपण होतो, त्यातले बहुतेक बाहेर पडले, थोडे राहिलेत. आपण घेतलं होतं, आता द्यायची पाळी आहे, मला तरी हे इतकं सरळ वाटतं.

सिस्टरबाई

पिंपरीकर, हटला म्हणजे संपला असं समजू नका. प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी बाळ, याला निर्मूलन म्हणायचं असं ठरलंय. जंतू मातीत आहेच. देवीचा रोग गेला तसा हा जाणार नाही. इंजेक्शन देत राहावं लागणार.

फिलीकर_आजोबा

आम्ही १९७९ पासून फिलाडेल्फियाजवळ आहोत. पैसे कसे जमवायचे ते विचारलंत म्हणून लिहितो, आमच्या दोन्ही मुलांनी हे केलेलं आहे.

इथलीच गोष्ट आहे. १९५० मध्ये फिलाडेल्फियातल्या एका पाद्र्याच्या घरच्या मुलांनी हॅलोविनला चॉकलेटऐवजी सुटे पैसे मागितले, दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांत. १७ डॉलर जमले, ते युनिसेफला पाठवले. तिथून त्या नारिंगी डब्यांची पद्धत देशभर पसरली. सतरा डॉलरचाच चेक त्या आईबापांनी लिहिला असता तर डबा जन्मलाच नसता.

आता उपयोगाचं. शाळेत पेनी वॉर लावा. प्रत्येक वर्गाची एक बरणी. पेनी (एक सेंट) टाकली की त्या वर्गाचे गुण वाढतात. निकेल (पाच सेंट), डाइम (दहा), क्वार्टर (पंचवीस) किंवा नोट टाकली की तेवढे गुण कमी होतात. म्हणून मुलं आपल्या बरणीत पेनी टाकतात आणि दुसऱ्या वर्गाच्या बरणीत नोटा टाकून त्यांना मागे ओढतात. भांडण लावून पैसे जमतात. २०२५ च्या नोव्हेंबरात पेनी पाडायची बंद झाली, पण घराघरांतल्या बरण्या अजून भरलेल्या आहेत. आत्ता मागाल तर लोक आनंदाने काढून देतील.

नाणी मोजायच्या यंत्रात टाकू नका, कमिशन जातं. बँकेतून कागदाच्या नळ्या आणा. पेन्या पन्नास, निकेल चाळीस, डाइम पन्नास, क्वार्टर चाळीस. रात्री जेवणाच्या टेबलावर बसून मुलांनीच भराव्यात. हात काळे होतात, धातूचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही. माझा मुलगा आज पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याला तो वास आठवतो.

शनिवारवाडा_९०

मी पुण्यातून लिहितोय, अनुभव वेगळा आहे. कॉलेजात असताना आम्ही मुलांची मॉडेल युनायटेड नेशन्स परिषद भरवायचो, इथे एमयूएन म्हणतात. एका वर्षी प्रवेश शुल्काबरोबर 'मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला' म्हणून माणशी शंभर रुपये घेतले. अडीच दिवस ठराव, भाषणं, बाल हक्कांवर चर्चा. १९८९ चा करारनामा, भारताने १९९२ मध्ये मान्य केला, सगळं तोंडपाठ. परिषद संपली आणि त्या शंभर रुपयांचं काय झालं ते कुणी सांगेना. आयोजकांपैकी एक म्हणाला मंडपाच्या बिलात गेले, दुसरा म्हणाला पाठवले. पावती कुणाकडेच नव्हती. मी स्वयंसेवक होतो, माझ्या हाताने लोकांकडून घेतले होते. कॉलेजचं नाव घेत नाही, पण ज्यांच्याकडून घेतले त्यांतले दोघं आजही भेटतात.

त्यामुळे उंबरठा यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि त्यापुढे जाऊन: रोख मोजायला नेहमी दोघं बसा. वहीत तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या. डबा उघडतानाचा फोटो. पैसे पाठवल्याची पावती दात्यांना दाखवा, मागायची वाट बघू नका.

महाराष्ट्रात कुणी असं करणार असेल तर हेही लक्षात ठेवा की नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांना कळवावं लागतं. गणेश मंडळं कलम ४१ क खाली परवानगी घेतात ती हीच. मुलांचा गट आहे म्हणून सुटका नाही. सोपा रस्ता म्हणजे पैसे आपल्याकडे घ्यायचेच नाहीत, दात्याने थेट संस्थेच्या खात्यात भरावेत. आयकरात सवलत हवी असेल तर रोखीने दोन हजारांच्या वर दिलेलं धरत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

चाफेकळी

मला एक बोचतं ते लिहिते. इथली मुलं हे सगळं कॉलेजच्या अर्जासाठी करतात. सेवेचे तास मोजतात. म्हणून मला यात फारसा जीव वाटत नाही.

अंगणातली_तुळस

चाफेकळी, खोटं नाही ते. लेकीनेही नववीत क्लबमध्ये नाव घातलं ते तासांसाठीच. पण सिस्टरबाईंचं वाचल्यापासून तिने तासांचा कागद आपणहून भरलेला नाही. तो मीच परवा आठवण करून भरायला लावला, कारण तोही तिच्या हक्काचा आहे. माणूस कशासाठी आत शिरला याला मी आता फार महत्त्व देत नाही, आत आल्यावर त्याला काय दिसलं ते बघते.

अंगणातली_तुळस

पाच आठवड्यांनी परत आले. परवा सकाळी मुलं परिषदेला निघतायत, त्याआधी तुम्हाला सांगायलाच हवं.

चेकची कल्पना लेकीने क्लबच्या बैठकीत स्वतः मागे घ्यायला लावली. पालकांना म्हणाली, "तुम्ही द्या, पण मुलांनी तुम्हाला समजावून सांगितल्यावर द्या." शाळेत पेनी वॉर झालं. अकरावीने बारावीच्या बरणीत पाच डॉलरच्या नोटा टाकल्या आणि बारावीवाले खवळले, आजोबा, अगदी तुम्ही म्हणालात तसं.

पण मला सांगायचं आहे ते पाडव्याच्या कार्यक्रमाचं. आमच्या मंडळाने दारापाशी एक टेबल दिलं होतं. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी डबा घेऊन उभ्या. त्यातली एक कोरियन, एक गुजराती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, टेटनस, न्यूबॉर्न, व्हॅक्सिन. लोक हसून एखादा डॉलर टाकत होते, पुढे जात होते. एक आजी थांबल्या. साताऱ्याकडच्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. नऊवारी, वर स्वेटर. "कशाचं गं बाळ?" लेकीने परत टेटनस सांगितलं. आजींना समजेना. मी पलीकडून बोलणार तेवढ्यात लेक म्हणाली, "आजी, धनुर्वात. लहान बाळांचा."

आजींचा हात टेबलावर टेकला. काही वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "माझा पहिला त्यातच गेला. सातव्या दिवशी. नाव पण ठेवलं नव्हतं." कमरेची पिशवी सोडली, मुलाने खर्चायला दिलेली वीसची नोट काढली, चार घड्या घातलेली. डब्याच्या फटीत जाईना, लेकीने झाकण उघडून घेतली. आजींनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि आत गेल्या.

त्यानंतर तिन्ही मुलींनी डब्यावरचा कागद बदलला. मधल्या सुट्टीत मार्करने मोठ्या अक्षरात 'धनुर्वात' लिहिलं, लेकीने र्वा दोनदा खोडला. कोरियन मैत्रीण प्रत्येकाला तो शब्द म्हणून दाखवत होती. दुपारनंतरचे पैसे सकाळच्या दुपटीहून जास्त होते.

काल रात्री आमच्या टेबलावर मोजणी झाली. दोघीजणी मोजत होत्या, तिसरी वहीत लिहीत होती. क्वार्टरच्या २२ नळ्या, डाइमच्या १५, निकेलच्या १२, पेनीच्या ६४. नोटा ८६ डॉलरच्या, सुटे ४० सेंट. एकूण ४३७ डॉलर ४० सेंट. लेकीने १.८० ने भागलं आणि बरोबर २४३ आले, बाकी शून्य. तिने तीनदा भागून बघितलं. नवरा बघत होता. त्याने खिशातून सुटे काढून ठेवले आणि म्हणाला, २४४ करा.

शनिवारवाडा, वहीवर दोन सह्या आहेत आणि फोटोही काढलाय. पैसे पोचल्याची पावती आली की मंडळाच्या फलकावर लावणार आहोत.

हिशेबाची_वही

वाचलं. माझे १८ डॉलर घ्या, दहा बायकांचे. पण तुमच्या लेकीने मला फोनवर आधी समजावून सांगावं, नियम सगळ्यांना एकच. नंबर निरोपात पाठवतो.

अंगणातली_तुळस

सिस्टरबाई, लेकीचा एक प्रश्न आहे. परिषदेत टेबलावर तिला खरा आईसपॅक ठेवायचाय, लोकांच्या हातात द्यायचाय. फ्रीझरमधून काढल्यावर नेमका किती मिनिटांनी तयार होतो?

सिस्टरबाई

मिनिटं घड्याळाने नाही मोजायची बाळा. हवा कशी आहे त्यावर असतं. आमच्याकडे मे महिन्यात लवकर व्हायचा, थंडीत तासभर लागायचा. आधी त्यावर पांढरं बर्फ दिसेल, हात चिकटेल, तेव्हा नाही. मग पांढरं जाऊन ओला होईल. पुसून घे, कानाशी धर आणि हळू हलव. आत थोडं पाणी बर्फावर आपटल्याचा आवाज येतो, खुळखुळ्यासारखा बारीक. तो आला की भर.